पाटी कुणाची, ओळ कुणाची?

कविता लिहिणाऱ्या माणसाकडे लोक ज्या कामांसाठी येतात, त्यांत कविता क्वचितच असते. कुणाला लग्नपत्रिकेसाठी दोन ओळी हव्या असतात, कुणाला मुलाच्या दुकानासाठी नाव. अलीकडे आणखी एक मागणी वाढली आहे. ‘आमच्या धंद्यासाठी काहीतरी क्रिएटिव्ह करून द्या.’ हे ‘काहीतरी’ म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की समोरचा गोंधळतो. नाव, पाटी, चिन्ह, पाकीट, फोटो, मोबाइलवर फिरवायची छोटी फिल्म हे सगळं एकाच माणसानं, एकाच आठवड्यात आणि शक्यतो ओळखीत करून द्यावं, अशी अपेक्षा असते.

ओळखीत काम करायला माझी ना नाही. वाईट वाटतं ते पैसा वाया गेल्याचं. लहान धंदेवाल्याकडे अशा कामासाठी पैसा एकदाच कसाबसा जमतो. तो भलत्या माणसाच्या हाती गेला, की ‘जाहिरातीचा काही उपयोग नसतो’ असं म्हणत तो पुढची दोन-तीन वर्षं गप्प बसतो. म्हणून कुणाला, कधी आणि कशासाठी बोलवायचं, याचा थोडा विचार आज करू या.

उर्दूच्या दुनियेत ही वाटणी जुनीच आहे. शायर मजकूर रचतो. कातिब तो सुंदर अक्षरात उतरवतो. संगणक येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्रं आणि पुस्तकं कातिबांच्या हातांनी लिहून मग छापली जात. वेलबुट्टी काढणारा नक्काश तिसराच. कातिबाचं अक्षर मोत्यासारखं असतं म्हणून त्याच्याकडून कुणी गझल लिहून घेत नाही; आणि शायराचं अक्षर बहुधा कुणाला दाखवण्यासारखं नसतं!

बाजारातही असंच आहे. पाटी रंगवणारा पेंटर अक्षराचा आकार, रंग आणि अंतर जाणतो. रस्त्याच्या पलीकडून काय वाचता येईल हे त्याला अनुभवानं कळतं. सुलेखनकार नावाला स्वतःचा चेहरा देतो. ग्राफिक डिझायनर चिन्ह, पाकीट, पत्रक, पाटी या सगळ्यांना एका धाग्यात ओवतो. जाहिरातीचा मजकूर लिहिणारा, म्हणजे कॉपीरायटर, तुमच्या मालाबद्दलची एक गोष्ट शोधतो आणि ती कमीत कमी शब्दांत सांगतो. फोटोग्राफर माल आहे तसा, पण भूक लागेल असा दाखवतो. जाहिरात एजन्सी या सगळ्यांना एकत्र आणते आणि वर्तमानपत्र, रेडिओ, दूरचित्रवाणीवर जागा घेऊन देते. त्या जागेच्या बिलावर परंपरेनं 15 टक्के कमिशन हा एजन्सीचा मोठा आधार राहिला आहे. महिनोन्महिने, अनेक शहरांत जाहिरात करायची असेल, तर एजन्सी परवडते. एका गल्लीतल्या दुकानाला तिची गरज नसते.

मोठ्या उदाहरणांतही ही जोडी दिसते. एअर इंडियाचा महाराजा 1946 साली जन्माला आला. कल्पना कंपनीतल्या बॉबी कूका यांची, चित्र जे. वॉल्टर थॉम्प्सन या एजन्सीतल्या उमेश राव यांचं. अमूलची ठिपक्याठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी 1966ची. सिल्वेस्टर डाकुन्हा यांची एजन्सी आणि युस्टेस फर्नांडिस यांची रेषा. एकाला काय सांगायचं ते सुचलं, दुसऱ्याला ते कसं दिसेल ते दिसलं.

क्वचित दोन्ही गुण एका माणसात भेटतात. आपले अरुण कोलटकर केवढे मोठे कवी. पण त्यांचं पोट चाललं ते जाहिरात क्षेत्रातल्या चित्रकाराच्या कामावर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या कोलटकरांना एजन्सी बोलवत होत्या त्या त्यांच्या नजरेसाठी. र. कृ. जोशी हे कवीही आणि सुलेखनकारही; संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचाच. पण असे किती? तेव्हा सर्वगुणसंपन्न माणूस शोधत बसू नये. आपल्याला आधी कोणता गुण हवा आहे, तो शोधावा.

तो कसा शोधायचा? सोलापुरातल्या एका महिला बचत गटाची गोष्ट सांगतो. या बायका शेंगा चटणी करतात. गटानं जाहिरातीसाठी 20 हजार रुपये बाजूला काढले होते. त्यांच्या अध्यक्षा मला म्हणाल्या, ‘चाचा, आम्हाला एक झकास ओळ लिहून द्या. आणि एक जण फिल्म करून देतो म्हणतोय, सगळे पैसे त्यातच घालू या का?’

मी विचारलं, ‘ताई, चटणी एकदा खाल्लेलं गिऱ्हाईक परत येतं का?’

‘येतं की! पण दुकानातनं पहिल्यांदा कुणी उचलतच नाही.’

मी पाकीट हातात घेतलं. साधी प्लॅस्टिकची पिशवी, आत कागदाची चिठ्ठी, आणि तेल सुटून त्या चिठ्ठीवरची अक्षरं पुसट झालेली. गटाचं नावसुद्धा वाचता येईना. अशा पाकिटावर ओळ लिहिणार कोण आणि वाचणार कोण? फिल्म पाहून गिऱ्हाईक दुकानात गेलं असतं, तरी त्याला हे पाकीट ओळखता आलं नसतं. मी सांगितलं, ‘आज तुम्हाला कवी नको आणि फिल्मवालाही नको. खाद्यपदार्थांच्या पाकिटाचं काम केलेला डिझायनर गाठा.’

‘खाद्यपदार्थांच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. लग्नपत्रिका सुंदर करणाऱ्याला पाकीट जमेलच असं नाही. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादनाची आणि वापराच्या मुदतीची तारीख, उत्पादकाचा पत्ता, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी क्रमांक, शाकाहारासाठी हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका हे सगळं लागतं. शेंगदाण्याची काहींना ॲलर्जी असते, त्याचीही सूचना द्यावी लागते. शिवाय तेल झिरपणार नाही असा थर कोणता, हे त्याला माहीत हवं. त्या गटाचा निम्म्याहून अधिक पैसा पाकिटावर गेला, थोडा चटणी-भाकरीच्या एका चांगल्या फोटोवर. ओळ मी नंतर दिली, चार शब्दांची. पाकिटावर जागाच तेवढी उरली होती!

यातून एक साधी पद्धत सांगता येते. आपलं गिऱ्हाईक कुठं अडतं ते पाहा. त्याला आपण दिसतच नाही का? मग पेंटर आणि चांगली पाटी. दिसतो, पण आपण काय विकतो ते कळत नाही? मग मजकूर लिहिणारा. कळतं, पण माल हातात घ्यावासा वाटत नाही? मग पाकिटाचा डिझायनर आणि फोटोग्राफर. एकदा घेतो, पण नाव विसरतो? मग नाव आणि चिन्ह यांवर खर्च करा. आणि एकदा घेऊन परत येतच नसेल, तर कुणालाच बोलवू नका. आधी माल सुधारा.

पाटीबाबत एक लक्षात ठेवावं. 2022च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहानमोठ्या सगळ्या दुकानांची पाटी मराठीत, देवनागरीत असणं बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांहून लहान चालत नाहीत. केवळ कायद्यासाठी इंग्रजी नावाचं ओबडधोबड मराठीकरण करून फ्लेक्सवर चिकटवण्यापेक्षा अक्षर जाणणाऱ्या पेंटरकडून ते नीट लिहून घ्यावं. फ्लेक्स काही उन्हाळ्यांत विटतो. आपल्या गावात हाताला वळण असलेले पेंटर अजून आहेत. त्यांना काम मिळालं तरच ते राहतील.

माणूस ठरला, की त्याचं आधीचं काम पाहा, आणि आपल्यासारख्याच धंद्याचं पाहा. काय हवं, कधी हवं, किती वेळा बदल करून मिळतील आणि पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे, हे एका कागदावर लिहा. चिन्हाची मूळ फाइल मागून घ्या, ती व्हेक्टर प्रकारची असावी. असं चिन्ह व्हिजिटिंग कार्डापासून टेम्पोच्या पाठीपर्यंत कितीही मोठं केलं तरी फाटत नाही.

हक्कांचंही लिहून ठेवा. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या कलावंतानं काढलेल्या चिन्हावर सर्वसाधारणपणे पहिला हक्क त्याचाच असतो. पैसे दिले म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही. तो लेखी, सहीनिशी घ्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. चिन्हाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणीही करता येते. ती 10 वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण होतं.

आता संगणकाला सांगितलं, की तो क्षणात चिन्ह काढून देतो, ओळही लिहून देतो. कच्चा विचार म्हणून जरूर वापरा. मात्र जोडाक्षरं आणि वेलांट्या डोळ्यांत तेल घालून तपासा, आणि तसंच चिन्ह शेजारच्या गावात आणखी कुणाचं नाही ना, तेही बघा. सोलापूरची चटणी सोलापूरचीच वाटावी, हे ज्यानं ती भाकरीबरोबर खाल्ली आहे त्याला लवकर कळतं.

‘जेनू काम तेनू थाय’ ही म्हण आपण गुजराती व्यापाऱ्यांकडून घेतली. व्यापार त्यांना चांगला कळतो, हे आपण मान्य करतोच. मग त्यांची ही म्हणही पाळू या. आणि कलावंताला त्याच्या कामाचा दाम द्या. ओळखीतला असला तरी. कवीलासुद्धा!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)