साथीचा बंदोबस्त : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अजिंठ्याच्या लेण्यांकडे निघालेला प्रवासी सोयगाव तालुक्यातील फर्दापूरच्या फाट्यावर आपले वाहन ठेवून पुढच्या बसमध्ये चढतो, तेव्हा वाटेत प्यालेले पाणी कोणाच्या देखरेखीखाली शुद्ध झाले, हा प्रश्न त्याच्या मनास सहसा शिवत नाही. विषमज्वराची लक्षणे दिसावयास बहुधा एक ते तीन आठवडे लागत असल्यामुळे, अशा गावी संसर्ग झालाच तर त्याची नोंद दूरच्या एखाद्या शहराच्या दप्तरी होईल. म्हणूनच येथील आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हा केवळ गावापुरता प्रश्न राहत नाही.

गैरसमज : साथ आवरणे हे डॉक्टरांचे काम आहे.
वस्तुस्थिती : डॉक्टर रुग्णावर उपचार करतो, परंतु रुग्ण निर्माणच होऊ नये याची तजवीज ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, उपकेंद्रातील आरोग्यसेवक व आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्ती करीत असतात. एकेका रोगासाठी निराळा कर्मचारी नेमण्याऐवजी बहुउद्देशीय कर्मचारी तयार करावेत, अशी शिफारस कर्तारसिंग समितीने १९७३ साली केली. तेव्हा हिवतापापासून लसीकरणापर्यंतचे ज्ञान त्यांना संपादन करावे लागते.

गैरसमज : विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की पाणी शुद्ध झाले.
वस्तुस्थिती : ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते, मात्र पोते उघडे राहिले, ऊन वा ओल लागली, की तिचे सत्त्व उतरत जाते. पावडर बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन, वरचे निवळ द्रावण तेवढे विहिरीत सोडावयाचे, किमान अर्धा तास थांबावयाचे आणि मग क्लोरीन उरला आहे काय हे पाहणारी ऑर्थोटोलिडीन (ओटी) चाचणी घ्यावयाची, असा हा क्रम आहे. चाचणीच्या नळीतील पाण्यास पिवळी छटा आली नाही, तर क्लोरीन उरलेला नाही असे समजावे; घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शेष असावा लागतो.

गैरसमज : धूरफवारणी झाली, आता डेंग्यूचे भय नाही.
वस्तुस्थिती : धुराने उडते डास मरतात, पाण्यातील अळ्या जिवंत राहतात. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागत असल्यामुळे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळण्याचा आग्रह धरला जातो. रांजण, कूलर, टायर आणि फुलदाणी यांत अळी शोधण्यास लागणारी नजर सरावानेच तयार होते.

गैरसमज : कायदा व सक्ती असली की साथ हटते.
वस्तुस्थिती : १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवल्यानंतर १८९७ चा साथरोग कायदा आला आणि पुण्यात गोऱ्या सोल्जरांकरवी घरोघर झडत्या घेतल्या गेल्या, लोकांनी रुग्ण लपविले, असंतोष पेटला, आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. रोगाचे ज्ञान असूनही घरात शिरण्याची रीत अवगत नसेल, तर तो बंदोबस्त निष्फळ ठरतो. म्हणून लोकांशी संवाद हाही आरोग्य प्रशिक्षणाचा अविभाज्य विषय आहे.

तेव्हा जलसुरक्षक गावात आला, की वाचकांनी त्यास चाचणीचा निकाल अवश्य विचारावा, आणि त्याच्या प्रशिक्षणाची व ताज्या पावडरीची तरतूद झाली आहे काय, हा प्रश्न ग्रामसभेत उपस्थित करावा.