कर्मचारी गप्प का बसतात?

सरकारी कचेरीत डोळ्यांदेखत गैरव्यवहार चालला असताना कर्मचारी गप्प का बसतो, याचं सरसकट दिलं जाणारं उत्तर म्हणजे भीती. बदली होईल, गोपनीय अहवाल बिघडेल, विभागीय चौकशी मागे लागेल. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. अमेरिकेत १९८० आणि १९८३ मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. गैरप्रकार पाहूनही तो न कळवणाऱ्यांनी सर्वाधिक वेळा दिलेलं कारण होतं, सांगून काही होणार नाही. सूडाची भीती त्यानंतर येत होती. म्हणजे कर्मचाऱ्याचं धैर्य मोजण्याआधी त्याच्या खात्याची पत मोजायला हवी.

तक्रार करणारा मुळात नाराज असतो, बढती हुकल्याचा राग काढतो, हा समजही असाच पक्का बसलेला. ऑस्ट्रेलियात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात शंभराहून अधिक सरकारी संस्थांतल्या सात हजारांवर कर्मचाऱ्यांची मतं घेतली गेली. तक्रार करणारे नोकरीतल्या समाधानाच्या बाबतीत इतरांहून फारसे वेगळे आढळले नाहीत, आणि जवळजवळ सगळ्यांनी गोष्ट आधी खात्याच्या आतच सांगितली होती. माणूस वर्तमानपत्राकडे जातो तो बहुधा आतली दारं ठोठावून झाल्यावर.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे प्रश्न जिवाचा आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांची २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत हत्या झाली, हे कसं विसरायचं? विसरू नयेच. पण दुबे गप्प बसले नव्हते. नाव गुप्त ठेवण्याची विनंती करून त्यांनी गैरव्यवहाराबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, आणि ते पत्र त्यांच्या नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. दगा दिला तो यंत्रणेने, आणि पुढच्या प्रत्येक कर्मचाऱ्याची भीती तिथे पोसली गेली.

मग कायदा केला की झालं, असंही नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने संरक्षण दिल्यानंतरही त्या दोन पाहण्यांदरम्यान भीतीपोटी गप्प बसणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. आपला जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला; दहा वर्षं उलटली तरी तो लागू करण्याची अधिसूचना निघाली नाही. तोवर आधार आहे तो केंद्र सरकारच्या २००४ च्या ठरावाचा. त्यानुसार बंद लिफाफ्यात केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करता येते. नाव फुटू नये म्हणून आयोग पोचपावती देत नाही, पुढचा पत्रव्यवहारही टाळायला सांगतो. दुबेंनंतर ही काळजी रास्तच आहे. मात्र आपल्या पत्राचं काय झालं हे लिहिणाऱ्याला कळत नाही, शेजारच्या टेबलावरच्यालाही कळत नाही. म्हणून नावं झाकून का होईना, कोणत्या खात्यातल्या किती तक्रारी खऱ्या निघाल्या आणि कोणावर काय कारवाई झाली, हे त्याच खात्याच्या सूचनाफलकावर लागलं पाहिजे.