आधी गिअरबॉक्स, मग क्लच

सुट्टीत काकांची १९६६ ची फिएट ११०० खोलली. इंजिन १०८९ सीसी, गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी, गिअर चार. पहिल्याला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो टाकला की कर्रर्र! "काका, पाच गिअरचा बॉक्स टाकूया ना." जुन्या बाजारातून आणलाही. पण नवी क्लच प्लेट मी जुन्या मापाची घेऊन ठेवलेली. ती या शाफ्टवर शिरेचना.

प्लेटला दोन्ही घरं सांभाळावी लागतात. मधले स्प्लाइन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला जुळायला हवेत, बाहेरचा व्यास फ्लायव्हीलला. म्हणून बॉक्स आधी ठरवायचा. क्लच किती टॉर्क पेलेल? घर्षणांक × स्प्रिंगचा दाब × सरासरी त्रिज्या × २. प्लेटला बाजू दोन असतात, व्हायव्हात हा २ हमखास विसरतो! कडक स्प्रिंगने क्षमता वाढते, पण ट्रॅफिकमध्ये पाय भरून येतो, आणि एवढ्याशा इंजिनाला ती लागतच नाही.

शिवाय बेलहाउसिंग वेगळं, प्रोपेलर शाफ्टची लांबी वेगळी, दांडीसाठी फ्लोअरला भोक. काका म्हणाले, "अरे, पत्रा कापायचा नाही." झालं! जुनाच बॉक्स बसवला, प्लेटही बसली. पहिला गिअर आता गाडी थांबल्यावरच टाकतो. पाच गिअरचा बॉक्स माझ्या कॉटखाली आहे. स्प्लाइन मोजायचे असतील तर रूमवर या.