केस काळेच हवेत!

तुमच्या शाळेच्या डायरीत नियमांचं एक पान असतं. ते कधी नीट वाचलंय का? मुलींनी दोन वेण्या घालाव्यात. मुलांचे केस कानावर येता कामा नयेत. नखं वाढवू नयेत, मेंदी लावू नये, हातात कडं-बिडं घालू नये. वाचता वाचता तुम्ही नक्की कुरकुरला असाल. ‘एवढं काय त्या केसांचं?’ असं म्हणालाही असाल.

पण जरा थांबा. एका देशात तुमचे केस जन्मतःच थोडे तपकिरी असले, तर शाळेत त्याचा दाखला द्यावा लागायचा! जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आपल्याला माहीत असतो. पण केसांचा दाखला? हो, केसांचा! आणि हा देश म्हणजे शिस्तीसाठी जगभर नावाजलेला जपान.

तिथे या दाखल्याला ‘जिगे शोमेइशो’ म्हणतात. जिगे म्हणजे मूळचे, नैसर्गिक केस. ‘आमच्या मुलीच्या केसांचा रंग मूळचाच असा आहे’ किंवा ‘आमच्या मुलाचे केस जन्मापासून कुरळे आहेत’ असं आईवडिलांनी लिहून खाली शिक्का मारायचा. काही शाळा तर लहानपणचा फोटोही मागत. २०१७ साली एका जपानी वृत्तपत्राने चौकशी केली, तेव्हा तोक्योमधल्या सुमारे १७० सरकारी हायस्कूलांपैकी ९८ शाळा असा दाखला घेत असल्याचं उघड झालं.

केसांना रंग येतो कुठून?

पुढे जाण्याआधी थोडं विज्ञान बघू या. केसांचा रंग ठरतो मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी ते तयार करतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. एक काळपट-तपकिरी, दुसरा लालसर-पिवळा. कोणता प्रकार किती प्रमाणात मिसळलाय, त्यावर काळा, तपकिरी, तांबूस, सोनेरी असे रंग दिसतात. हे प्रमाण मुख्यतः आईवडिलांकडून आलेलं असतं. उन्हाने आणि पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनच्या पाण्यानेही केस भुरकट होतात. तुमच्याही वर्गात घाऱ्या डोळ्यांचं, भुऱ्या केसांचं कुणीतरी असेलच. जपानमध्येही असतात. सगळ्या जपान्यांचे केस शाईसारखे काळेभोर असतात, हा आपला गैरसमज आहे.

आता केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे तपकिरी केस काळे रंगवले, तरी थोड्याच दिवसांत मुळाशी खरा रंग डोकावायला लागतो. मग पुन्हा रंगवा. पुन्हा वाढले, पुन्हा रंगवा! बरं, केसांच्या रंगात अशी रसायनं असतात की काहींच्या टाळूला त्यांची ॲलर्जी होते. खाज सुटते, पुरळ येतं, आग होते.

ओसाकाची ती मुलगी

हेच एका मुलीच्या बाबतीत घडलं, असं तिचं म्हणणं होतं. ओसाका प्रांतातल्या हाबिकिनो शहरातल्या सरकारी हायस्कूलमध्ये २०१५ साली तिने प्रवेश घेतला. आपले केस मूळचे तपकिरी आहेत असं ती सांगत होती. शाळेचा नियम काय होता? तर केस रंगवायचे नाहीत. आणि शिक्षक काय सांगत होते? केस काळे रंगवून ये! आहे की नाही गंमत? पण तिच्यासाठी ती गंमत नव्हती. पुन्हा पुन्हा रंगवून टाळूला त्रास व्हायला लागला, शिक्षकांचं टोकणं थांबेना. शेवटी २०१६ च्या सप्टेंबरपासून तिने शाळेत जाणंच सोडलं.

मग शाळेने काय केलं असेल? तिच्या घरी जाऊन समजूत काढली असेल? नाही. पुढच्या इयत्तेत गेल्यावर वर्गातलं तिचं बाक हलवलं आणि पटावरून तिचं नावच काढून टाकलं. विचार करा, उद्या तुम्ही शाळेत परत जायचं ठरवलंत आणि वर्गात तुमची जागाच नाही!

२०१७ साली तिने कोर्टात दावा लावला. बातमी जगभर पोचली. निकाल लागला २०२१ च्या फेब्रुवारीत. तो जरा नीट समजून घ्यायला हवा, कारण तो अर्धा इकडे, अर्धा तिकडे आहे. कोर्ट म्हणालं, बाक हलवणं आणि पटावरून नाव काढणं बेकायदा होतं. त्याबद्दल ३ लाख ३० हजार येनची भरपाई द्या. आपल्या पैशात त्या वेळचे सुमारे सव्वादोन लाख रुपये. पण केस रंगवण्यावर बंदी घालणारा नियम? तो करण्याचा शाळेला अधिकार आहे, असंच कोर्टाने सांगितलं. शिक्षकांनी केसांची मुळं पाहिली, ती काळी होती, हे शाळेचं म्हणणंही कोर्टाने मान्य केलं. मुलीने वरच्या कोर्टात दाद मागितली, पण २०२२ साली सर्वोच्च न्यायालयातही निकाल बदलला नाही.

म्हणजे मुलगी हरली का? कोर्टात बरीचशी हरली. पण कोर्टाबाहेर काय झालं, ते पुढे बघा.

हे नियम आले कुठून?

शिक्षक काही मुलांचे वैरी नसतात. मग असे नियम का झाले? त्यालाही इतिहास आहे.

१९८० च्या सुमाराला जपानमधल्या अनेक शाळांत दंगामस्तीने हद्द ओलांडली होती. खिडक्या फोडणं, मारामाऱ्या, शिक्षकांवर हात टाकणं असे प्रकार वाढले. दांडगाई करणाऱ्या टोळक्यांची वेशभूषा ठरलेली असायची. रंगवलेले केस आणि कापून बदललेला गणवेश. शाळांनी मग उलटा हिशेब मांडला. वेशभूषा सरळ केली की मुलंही सरळ होतील! केसांची लांबी, मोज्यांचा रंग, स्कर्टची उंची, सगळं मोजपट्टीने ठरायला लागलं. दुसरं कारण नोकरीचं. ‘त्या शाळेची मुलं बघा कशी राहतात’ असं गावात बोललं गेलं, तर आमच्या मुलांना काम कोण देणार, अशी शाळांना काळजी वाटायची.

अनेक गावांत मुलांनी डोक्यावर बारीक मशीन फिरवलंच पाहिजे, असा नियम होता. त्याला ‘मारुगारी’ म्हणतात. कुमामोतो प्रांतातल्या एका मुलाने त्याविरुद्ध दावा लावला. १९८५ साली कोर्टाने तो फेटाळला. मात्र या नियमाचा शिक्षणाला उपयोग कितपत, याबद्दल शंकेला जागा आहे, हेही कोर्टाने कबूल केलं.

आणि गंमत बघा, तुमच्यापैकी अनेकांनी वाचलेलं ‘तोत्तोचान’ जपानमध्ये १९८१ साली, म्हणजे याच कडक दिवसांत प्रसिद्ध झालं. मुलांना शाळेत जुनेपाने कपडे घालून पाठवा, म्हणजे मळण्या-फाटण्याची भीती न बाळगता ती खेळतील, असं सांगणारे कोबायाशी मुख्याध्यापक लाखो जपानी वाचकांनी डोक्यावर घेतले. त्यांचीच मुलं मात्र सकाळी मोजपट्टीला सामोरी जात होती!

शिस्त माणसापेक्षा मोठी झाली की काय होतं, हे १९९० साली सगळ्या जपानने पाहिलं. ६ जुलैची सकाळ. कोबे शहरातलं एक हायस्कूल. साडेआठच्या ठोक्याला फाटक बंद, हा नियम. एका शिक्षकाने ठरल्या वेळी ते जड लोखंडी फाटक जोरात ढकललं. उशीर होऊ नये म्हणून धावत आत शिरणारी १५ वर्षांची विद्यार्थिनी त्यात चिरडली गेली. तिचा जीव गेला. पुढे कोर्टाने त्या शिक्षकाला दोषी ठरवलं. पण साऱ्या देशाला प्रश्न पडला, तो एका शिक्षकापुरता नव्हता. नियम मुलांसाठी आहेत, की मुलं नियमांसाठी?

मुलांनी विचारलं, ‘का?’

आता ओसाकाच्या मुलीकडे परत येऊ. तिच्या दाव्यानंतर जपानमध्ये एक शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला, ‘बुराक्कु कोसोकु’. म्हणजे शाळेचे काळे नियम. लोक आपापल्या शाळेचे अजब नियम सांगू लागले. नागासाकी प्रांतात पाहणी झाली, तेव्हा २३८ माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांपैकी १३८ शाळांत आतले कपडेसुद्धा पांढरेच हवेत, असा नियम निघाला. म्हणजे ते कुणीतरी तपासायचंही! केवढं लाजिरवाणं!

मुलांची आणखी एक तक्रार होती. बाजूचे केस बारीक आणि वरचे लांब, अशा ‘टू-ब्लॉक’ कटला अनेक शाळांत बंदी होती. २०२० साली तोक्योच्या प्रांतिक सभेत एका सभासदाने विचारलं, का बरं? शिक्षणप्रमुखांचं उत्तर असं होतं, की दिसण्यावरून मुलं एखाद्या घटनेत किंवा अपघातात सापडू शकतात. केस कापण्याने अपघात! लोक पोट धरून हसले. पण हसता हसता विचारही करू लागले.

मग चक्रं फिरली. तोक्योच्या सरकारी हायस्कुलांनी मुलांशी, पालकांशी बोलून आपले नियम तपासले. एप्रिल २०२२ पासून जवळजवळ २०० शाळांतून पाच प्रकारचे नियम गेले. केस काळेच करण्याची सक्ती गेली. टू-ब्लॉकवरची बंदी गेली. आतल्या कपड्यांच्या रंगाचा नियम गेला. ‘हायस्कूलच्या मुलांना शोभेल असं’ अशी ज्याचा अर्थ कुणालाच नीट सांगता येत नाही ती भाषाही गेली. २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या शिक्षण मंत्रालयाने शिक्षकांची मार्गदर्शिका १२ वर्षांनी बदलली. तिच्यात सांगितलं, शाळेचे नियम सगळ्यांना वाचता येतील असे उघड ठेवा आणि ते वेळोवेळी तपासा.

तोक्योच्या सेतागाया भागातली साकुरागाओका माध्यमिक शाळा तर त्याच्याही आधी पुढे गेली होती. ताकाहिको साइगो हे तिथे २०१० ते २०२० या काळात मुख्याध्यापक होते. त्यांनी एकेक करत शाळेचे नियमच काढून टाकले!

मग सगळं आलबेल झालं का? नाही. २०२३ साली हिमेजी शहरातल्या एका हायस्कूलमध्ये पदवीदान समारंभ होता. एका मुलाने डोक्याला चिकटून बारीक वेण्या घातल्या होत्या. त्याचे वडील कृष्णवर्णीय, त्यांच्याकडची ही पद्धत. पण त्याला वर्गमित्रांबरोबर बसू दिलं नाही. वरच्या मजल्यावर वेगळं बसवलं. शाळेचा शेवटचा दिवस, आणि तो असा!

मग नियमच नकोत का?

छे! असं कोण म्हणतं? प्रयोगशाळेत मोकळे केस बर्नरजवळ गेले तर पेट घेतील, म्हणून ते बांधायचेच. नखांत घाण साठते आणि तीच पोटात जाते, म्हणून नखं कापायचीच. गणवेशामुळे श्रीमंत-गरीब एका रांगेत येतात, हे म्हणणंही खोटं नाही. हे नियम कुणी ‘का?’ असं विचारलं, तर उत्तर देऊ शकतात. चांगल्या नियमाची पहिली खूण हीच.

तेव्हा नियमांचं ते पान पुन्हा उघडा आणि प्रत्येक नियमाला चार प्रश्न विचारा. एक, याचं कारण सांगता येतं का? दोन, निसर्गाने दिलेली गोष्ट बदलायला तो सांगतो का? तीन, तो मोडला तर होणारी शिक्षा चुकीच्या मानाने केवढी आहे? चार, तो ठरवताना आपल्याला कुणी विचारलं होतं का?

चौथा प्रश्न आगाऊपणाचा नाही बरं का! संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करारनामा केला. भारताने तो १९९२ साली स्वीकारला, जपानने १९९४ साली. त्यातलं १२ वं कलम सांगतं, की मुलांशी संबंधित गोष्टींत मुलांना आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि त्यांचं वय आणि समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. शिवाय आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायलाही बंदी आहे. केस वाढले म्हणून चारचौघांत कुणाचा अपमान करणं शिस्तीत बसत नाही.

आणि प्रश्न विचारायचे कसे? पाठीमागे कुजबुजून नाही, की मुद्दाम नियम मोडूनही नाही. आधी वर्गात आपसांत बोला. एखाद्याच मुलाला त्रास होत असेल, तर त्याला एकटं पाडू नका. मग वर्गशिक्षकांना भेटा. शालेय मंत्रिमंडळ असेल तर त्यात विषय मांडा, पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत आईबाबांना बोलायला सांगा. ‘सर, हा नियम कशासाठी आहे?’ असं नम्रपणे विचारलं, तर कदाचित चांगलं कारणही कळेल. मग तो नियम पाळताना कुरकुर होणार नाही. आणि कारण सापडलंच नाही, तर सरही विचारात पडतील.

ओसाकाच्या त्या मुलीला आपलं बाक काही परत मिळालं नाही. पण तिच्यानंतर तोक्योत हायस्कुलात गेलेल्या भुऱ्या केसांच्या मुलांवर केस काळे करण्याची सक्ती उरली नाही. तुमच्या वर्गातल्या एखाद्या बाकावरही आज कुणी नियमाच्या भीतीने अंग चोरून बसलेलं असेल. उद्या मधल्या सुट्टीत जरा त्याच्याजवळ जाऊन बसा. डबा खाता खाता विचारा, काय झालंय?