वर्ग बोलका होतो तेव्हा...

बुलडाणा : शिक्षक प्रश्न विचारतात, पहिल्या बाकावरील तीन-चार हात वर होतात, उत्तर मिळते आणि धडा पुढे सरकतो. उरलेल्या तीस-पस्तीस मुलांना तो कळला की नाही, हे परीक्षेपर्यंत समजत नाही. सहावी ते आठवीच्या बहुतेक वर्गांतील हे परिचित चित्र आहे. याच वयात गणितात बीजगणित येते आणि विज्ञानात अमूर्त संकल्पनांना प्रारंभ होतो. शिवाय चुकलो तर वर्ग हसेल, ही भीतीही याच वयात बळावते. परिणामी, न समजलेले मूल प्रश्न न विचारता गप्प बसते.

हे चित्र बदलण्याची अपेक्षा कायद्यानेच व्यक्त केली आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून आणि शोधातून, बालककेंद्री पद्धतीने शिकविण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, हे प्रमाणही त्याच कायद्याने ठरवून दिले. मात्र, 'कृतियुक्त अध्यापन' म्हणजे तासाला नेमके काय करायचे, हा शिक्षकांपुढील खरा प्रश्न आहे.

तीन सेकंदांचा संयम

यातील सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रश्न विचारल्यावर थांबणे. अमेरिकेतील विज्ञान-शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचे निरीक्षण केले. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविताच उत्तरे लांबली, कारणे दिली जाऊ लागली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली.

दुसरी पद्धत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली : आधी स्वतः विचार करा, मग शेजाऱ्याशी बोला, नंतर वर्गाला सांगा. संपूर्ण वर्गासमोर बोलण्याआधी उत्तर एकदा तपासून घेता येत असल्याने बुजऱ्या मुलाला धीर येतो. बाके हलवावी लागत नाहीत आणि पाच मिनिटांत काम होते.

तिसऱ्या उपायासाठी साधी पाटी पुरेशी आहे. '३/४ मोठा की २/३?' असे विचारून सर्वांनी उत्तर पाटीवर लिहायचे आणि एकाच वेळी वर धरायचे. कोणाचे कुठे चुकते, हे शिक्षकांना एका दृष्टिक्षेपात कळते. वीज नसली, संगणक बंद पडला, तरी यात खंड पडत नाही.

लोणार : तयार पाठ

गटकार्याची 'जिगसॉ' पद्धत मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे विकसित केली. गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांना प्रथमच एकत्र बसविल्यावर शाळांत निर्माण झालेला तणाव कमी करणे, हा तिचा मूळ उद्देश होता.

बुलडाणा जिल्ह्यात तिच्यासाठी लोणार सरोवरासारखा विषय नाही. चाळीस मुलांचे पाच-पाच जणांचे आठ गट करावेत. प्रत्येक गटातील एकेकाला एक भाग द्यावा : बेसाल्ट खडकातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या उल्काविवराची निर्मिती, क्षारयुक्त पाणी, जीवसृष्टी, दैत्यसूदनासारखी मंदिरे आणि संवर्धन. एकाच भागावर काम करणारी मुले चार-चार जणांनी एकत्र बसून तो समजून घेतात आणि मूळ गटात परतून इतरांना शिकवितात. प्रत्येकाकडे इतरांजवळ नसलेली माहिती असल्याने कोणालाही डावलता येत नाही.

शेवटी चर्चेसाठी प्रश्न तयार आहेतच. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी का झाले? (क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला.) विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते. मग विश्वास कशावर ठेवावा? असा प्रश्न घोकून सुटत नाही. त्यासाठी पुरावा तोलावा लागतो.

भाषेचा अडसर

जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र प्रश्न वेगळा आहे. जळगाव जामोद तालुक्यातील काही गावांत निहाली ही भाषा बोलली जाते. जगातील कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते अद्याप सिद्ध झालेले नाही. शेजारी कोरकू भाषकही आहेत. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाला वर्गात एकदम प्रमाण मराठीत बोलायला लावणे म्हणजे गप्प करणेच होय. जोडीतील बोलणे घरच्या भाषेत आणि वर्गासमोरील मांडणी मराठीत, अशी मुभा येथे उपयुक्त ठरते.

परीक्षा बदलली तरच

'अभ्यासक्रम पूर्ण होणार कसा?' हा शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे. त्यावर शेजारच्या मध्य प्रदेशाचा अनुभव बोलका आहे. तत्कालीन होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. प्रशिक्षण आणि शिक्षकांच्या मासिक बैठका हे त्याचे बळ होते. परीक्षाही पुस्तक उघडे ठेवून आणि प्रयोग करून द्यायची होती. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. पण अध्यापन बदलायचे तर मूल्यमापनही बदलावे लागते, हा धडा कायम राहिला.

तो आज अधिक महत्त्वाचा आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांना त्याच वर्गात ठेवण्याचा मार्ग खुला केला आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये तो स्वीकारला. म्हणजे सहावीत शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाच्या मौनाची किंमत आता आठवीत मोजावी लागू शकते. प्रत्येक तासाला पाच मिनिटे जोडीत चर्चा आणि एक प्रश्न पाटीवर, एवढ्याने प्रारंभ करता येतो. त्यासाठी कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहावी लागत नाही.