लिव्हरचा कॅन्सर : एक औषध की दोन?

पुसेगावसारख्या गावातल्या घरात लिव्हरच्या कॅन्सरचे निदान होते, तेव्हा अनेकदा ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असते. मोठ्या दवाखान्यात 'दोन औषधे एकत्र द्यावी लागतील' असे सांगितले जाते आणि घरचे लोक शेत विकायचा विचार करू लागतात. त्याआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

नेहमीची केमोथेरपी या आजारावर फारशी चालत नाही. सोराफेनिब ही गोळी आली आणि २००८च्या अहवालानुसार सरासरी आयुष्य सुमारे आठ महिन्यांवरून पावणेअकरा महिन्यांवर गेले. भारतात तिचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२मध्ये मुंबईतील पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि ही किंमत ८,८८० रुपयांवर आली.

पुढे दोन औषधे जोडून पाहिली गेली. अटेझोलिझुमॅब रोगप्रतिकारक पेशींवरचा ब्रेक काढते, तर बेव्हासिझुमॅब गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखते. ५०१ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२०मध्ये आले. वर्षभरानंतर ही जोडी घेणाऱ्यांपैकी ६७ टक्के, तर सोराफेनिब घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के रुग्ण हयात होते.

मात्र प्रत्येक जोडी जिंकत नाही. लेन्व्हाटिनिबला पेम्ब्रोलिझुमॅबची जोड देऊन पाहिली, पण २०२२मध्ये जाहीर झालेल्या निकालात ती एकट्या लेन्व्हाटिनिबपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झाले नाही. दोन औषधे म्हणजे दुप्पट फायदा, असे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच चाचणी लागते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. या चाचण्यांत लिव्हरचे काम बऱ्यापैकी टिकलेले रुग्णच घेतले होते. कावीळ वाढलेल्या, पोटात पाणी झालेल्या रुग्णाला ते आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे आधी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा तपासाव्या लागतात.

म्हणून व्यवहार करण्याआधी डॉक्टरांना विचारा : रुग्णाचे लिव्हर हे उपचार पेलेल का? किती काळ मिळण्याची अपेक्षा आहे? एकूण खर्च किती? सरकारी योजनेत काय बसते? एखाद्या चाचणीत घेतले जात असेल, तर मराठीतले संमतिपत्र वाचून घ्या. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे पुढचे उपचार थांबत नाहीत.

आणि घरातल्या बाकीच्यांची हेपॅटायटिस बी व सीची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत हेपॅटायटिस बीची लस द्या. सिरोसिस झालेल्यांनी दारू पूर्ण सोडावी आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. गाठ लहान असताना सापडली, तर ती काढून टाकता येण्याची शक्यता असते.