स्पॅनिशचें ‘से’ आणि मराठीचें ‘आपण’

आमच्या लहानपणीं दिवेलागणीला घरांत परवचा होत असे व त्यापाठोपाठ ‘रामः रामौ रामाः’ असा घोष सुरू होई. हल्लीं त्याच वेळीं आमच्या माजघरांतून ‘मे लाबो, ते लाबास, से लाबा’ असे सूर ऐकूं येतात. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पुण्यास स्पॅनिश भाषा शिकते. भाषा बदलली तरी घोकण्याची चाल तीच राहिली, याचें आमच्या तीर्थरूपांस मोठें समाधान आहे. कारण त्यांचा सारा जन्म संस्कृत शिकण्यांत व शिकविण्यांत गेला.

परंतु गेल्या सहामाहीनंतर हा घोष एकाएकीं थांबला. परीक्षेचा निकाल लागला होता. “काय झालें ग?” असें आम्हीं विचारतांच मुलगी म्हणाली, “काका, मला नापास केलं.” तीर्थरूप जवळच बसले होते. ते म्हणाले, “नापास केलें, कीं नापास झालीस?” प्रश्न थट्टेचा होता; पण मुलीच्या डोळ्यांत पाणी आलें. चार दिवस तिनें वही उघडली नाहीं, आणि शिकवणी सोडून द्यावी येथपर्यंत मजल गेली. तेव्हां तिची उत्तरपत्रिका आम्हींच मागून घेतली व आजोबा, काका आणि पुतणी असे तिघे एका रात्रीं ती पाहण्यास बसलों.

पाहतों तों बहुतेक चुका एकाच जातीच्या. ज्या क्रियेचें फळ करणाऱ्यावरच येऊन पडतें, अशा क्रियापदांचीं रूपें तिला साधलीं नव्हतीं. हीं क्रियापदें स्पॅनिश भाषेंत पावलोपावलीं भेटतात. उठणें, बसणें, निजणें, न्हाणें, कपडे घालणें, इतकेंच काय, आपलें नांव सांगणें हेंहि त्याच वर्गांत मोडतें. ‘माझें नांव अमुक’ असें म्हणावयाचें असतां स्पॅनिश मनुष्य ‘मे यामो अमुक’ म्हणतो. म्हणजे अक्षरशः ‘मी मला अमुक म्हणतों’.

वाचकांस या रूपांची कल्पना यावी म्हणून एक क्रियापद चालवून दाखवितों. ‘लाबार’ म्हणजे धुणें. त्याला शेवटीं ‘से’ जोडलें कीं ‘लाबार्से’, म्हणजे स्वतःला धुणें, अंग धुणें, असें होतें. चालवितांना हें शेपूट सुटून क्रियापदाच्या पुढें येऊन बसतें आणि कर्त्याप्रमाणें रूप बदलतें:

मी: मे लाबो
तूं: ते लाबास
तो, ती: से लाबा
आम्ही: नोस लाबामोस
तुम्ही: ओस लाबाइस
ते, त्या: से लाबान

वडील मनुष्यास आदरानें संबोधावयाचें असल्यास ‘तूं’चें रूप न योजतां ‘तो’चें रूप योजतात. दक्षिण व मध्य अमेरिकेंतील स्पॅनिश लोक ‘ओस’चें रूप वापरीतच नाहींत, तेथें ‘तुम्ही’चें काम ‘ते’च्या रूपावर भागतें. आज्ञा करावयाची असली कीं सर्वनाम पुन्हां मागें जाऊन चिकटतें: ‘लाबाते’, म्हणजे अंग धू. नियम एवढाच आहे.

मग मुलगी चुकली कोठें? तिनें ‘मी’ला व ‘तूं’लाहि ‘से’च लाविलें होतें. शिक्षकांस हा निष्काळजीपणा वाटला असेल. आम्हांला मात्र त्यांत मराठी मायबोलीचा हात दिसला. मराठींत ‘मी स्वतःला फसवितों, तूं स्वतःला फसवितोस, तो स्वतःला फसवितो’; कर्ता कोणी कां असेना, ‘स्वतः’ तोच राहतो. स्पॅनिश भाषेंत प्रत्येकाचा ‘स्वतः’ निराळा. मराठी मुलीनें सर्वांना एकच ‘से’ वांटावें, हें अगदीं स्वाभाविक होतें.

दुसरी चूक याच्या उलट होती. ‘मी हात धुतों’ याचें भाषांतर तिनें ‘मी माझे हात धुतों’ असें केलें होतें. स्पॅनिश रीतीप्रमाणें ‘मे लाबो लास मानोस’ असें पाहिजे, म्हणजे ‘मी मला हात धुतों’. ‘माझे’ हा शब्द तेथें नकोच. हें ‘माझे’ इंग्रजीनें घुसडलें होतें. मराठी मनुष्य तरी ‘मी माझे हात धुतों’ असें कोठें म्हणतो? हात धुतों म्हटलें कीं कोणाचे, हें सांगावें लागत नाहीं. म्हणजे एका ठिकाणीं मुलगी मराठीवर विसंबली म्हणून चुकली, आणि दुसऱ्या ठिकाणीं विसंबली नाहीं म्हणून चुकली!

तीर्थरूप इतका वेळ डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले, “हें तर आमचें आत्मनेपद.” आणि तें खरेंच आहे. ‘यजति’ व ‘यजते’ हीं दोन्हीं रूपें एकाच धातूचीं. पुरोहित दुसऱ्यासाठीं यज्ञ करतो, तेव्हां ‘यजति’. यजमान स्वतःच्या फलासाठीं करतो, तेव्हां ‘यजते’. ‘पचति’ म्हणजे दुसऱ्यांसाठीं रांधणें, ‘पचते’ म्हणजे आपल्यासाठीं रांधणें. क्रियेचें फळ कोणाकडे जातें, हें पाणिनीनें क्रियापदाच्या रूपांतच पाहिलें. पुढें हा भेद पुसट झाला व कित्येक धातु अर्थ नसतांहि केवळ रूढीनें आत्मनेपदी राहिले. स्पॅनिश भाषेंतहि तशीं हट्टी क्रियापदें आहेत. ‘केहार्से’ म्हणजे तक्रार करणें व ‘आरेपेन्तीर्से’ म्हणजे पश्चात्ताप पावणें, हीं दोन्हीं ‘से’वांचून चालतच नाहींत. तक्रार आणि पश्चात्ताप दोन्ही स्वतःशींच बांधलेले, यांत कोणास बोध दिसल्यास तो त्यानें खुशाल घ्यावा.

मराठीनें आत्मनेपद टाकलें, पण त्याचें काम टाकलें नाहीं. ‘पत्र लिहून देतों’ आणि ‘पत्र लिहून घेतों’ यांत ‘देणें’ व ‘घेणें’ फळाची दिशा दाखवितात. मात्र एका बाबतींत मराठीची आणि स्पॅनिशची वाट नेमकी उलट आहे. मराठींत ‘उठणें’ हें मूळ. दुसऱ्याला उठवावयाचें असल्यास त्यांत ‘व’ घालावा लागतो. निजणें-निजवणें, बसणें-बसवणें, शिकणें-शिकवणें, सारीं अशींच. स्पॅनिश भाषेंत ‘लेबान्तार’ म्हणजे उठवणें हें मूळ. आणि स्वतः उठावयाचें तर ‘लेबान्तार्से’, म्हणजे स्वतःला उठवणें. आम्ही नुसते उठतों. स्पॅनिश मनुष्य रोज सकाळीं स्वतःला उठवितो. जो आळशी आहे त्याला दुसरें वर्णन अधिक पटेल.

जबाबदारी टाळण्याची सोयहि दोन्हीं भाषांत आहे. पेला फुटला असतां आपण ‘मीं पेला फोडला’ असें न म्हणतां ‘माझ्या हातून पेला फुटला’ असें म्हणतों. स्पॅनिश मूल अशा वेळीं ‘से मे रोम्प्यो’ म्हणतें. म्हणजे ‘पेला आपला आपण फुटला, आणि तो मला बाधला’. येथें ‘से’ पेल्याचा आणि ‘मे’ बिचाऱ्या मुलाचा! म्हणजे जें ‘से’ क्रियेचा भार कर्त्यावर घालतें, तेंच वेळप्रसंगीं तो त्याच्या खांद्यावरून उतरवितेंहि. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. तिच्याकडून आम्हीं पाव, साबण, चावी, पगार असे कितीतरी शब्द घेतले. पण हें ‘से’ घेतलें नाहीं. नामें प्रवास करतात. सर्वनामें सहसा घर सोडीत नाहींत.

याच सुमारास एका लग्नानिमित्त आम्हांला पुण्याहून नगरास जावें लागलें. (अहमदनगर जिल्ह्याचें नांव 2024 पासून अहिल्यानगर असें झालें आहे.) वाटेंत वाडेगव्हाणच्या फाट्यावरून आंत वळलें कीं राळेगणसिद्धी लागतें. तें पाहावें अशी तीर्थरूपांची फार दिवसांची इच्छा होती, म्हणून गाडी तिकडे वळविली.

पारनेर तालुक्यांतील हें गांव पर्जन्यछायेंत येतें. पाऊस बेताचा आणि पडेल तो वाहून जाणारा, अशी तेथील पूर्वींची स्थिति. 1972 च्या दुष्काळानें तर गांव पुरतें खचलें. पोट भरण्यास लोक बाहेर जात, आणि गांवांत दारूच्या भट्ट्या पेटत. यादवबाबांच्या देवळाचें लांकूडहि त्या भट्ट्यांच्या तोंडीं गेलें होतें. 1975 सालीं किसन बाबूराव हजारे, ज्यांस सारे अण्णा म्हणतात, सैन्यांतील नोकरी आटोपून गांवीं परतले. त्यांनीं आपल्या फंडाचे पैसे देवळाच्या जीर्णोद्धारांत घातले, आणि तेथून श्रमदानास सुरुवात झाली. गांवाला पाझर तलाव होता, पण तो गळका असल्यामुळें पाणी ठरत नसे. गांवकऱ्यांनीं तो दुरुस्त केला. पुढच्या उन्हाळ्यांत खालच्या विहिरींना पाणी राहिलें. मग ओढ्यांवर बांध पडले, डोंगरउतारावर चर खणले गेले, झाडें लागलीं. श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व नसबंदी या पांच सूत्रांवर गांव उभें राहिलें.

या सूत्रांत चार ‘बंदी’ आहेत. बंदी म्हटली कीं घालणारा एक आणि सोसणारा दुसरा, असें आपण धरून चालतों. पण येथें कुऱ्हाड ज्याच्या हातांत होती, त्यानेंच ती खालीं ठेवावयाची होती. जनावरें ज्याचीं, त्यानेंच तीं कुरणांत सोडावयाचीं नव्हतीं. व्याकरणाच्या भाषेंत हें ‘मे’, ‘ते’, ‘नोस’चें प्रकरण आहे, कर्ता आणि कर्म एकच.

सारेंच असें होतें, असें मात्र म्हणवत नाहीं. दारू न सोडणाऱ्यांना खांबाला बांधून मार दिल्याचे प्रसंगहि तेथें घडले, आणि ते कोणीं लपविलेले नाहींत. जो मनुष्य अशा रीतीनें दारू सोडतो, तो सुधारला कीं सुधारविला गेला? त्या एका ‘व’ मध्यें केवढा भेद आहे! सुधारविलेलें मनुष्याच्या अंगीं किती मुरतें, हा प्रश्न राळेगणलाच नव्हे, मुलें वाढविणाऱ्या प्रत्येक घराला विचारण्यासारखा आहे. पाठीवर धपाटा घालून आम्हांला रूपें पाठ करविणाऱ्यांनीं आमच्याकडून तीं म्हणवून घेतलीं खरीं. पण तीं आमचीं झालीं, तीं आम्ही स्वतः चुकूं लागलों तेव्हां.

गांवांत एका म्हाताऱ्या गृहस्थांस आम्हीं वाट विचारली. ते हात करून म्हणाले, “आपलं तळं तिकडं, अन् आपली शाळा या अंगाला.” आम्ही पाहुणे, तळें त्यांचें, शाळा त्यांची. तरीहि त्यांनीं सहज ‘आपलं’ म्हटलें. गाडींत बसल्यावर तीर्थरूप त्याच एका शब्दावर बोलत राहिले. संस्कृत ‘आत्मन्’ प्राकृतांत ‘अप्पा’ झाला आणि त्यापासूनच मराठीचा ‘आपण’ आला. ज्या आत्मन् वरून ‘आत्मनेपद’ हें नांव पडलें, तोच हा. मराठींत हा एक शब्द तीन कामें करतो. ‘तो आपण होऊन आला’ यांत तो ‘स्वतः’ आहे. ‘आपण बसावें’ यांत तो समोरच्या वडील मनुष्याचा मान आहे. आणि ‘आपण सारे जाऊं’ यांत बोलणारा व ऐकणारा दोघेहि त्यांत आले. ‘आम्ही’ म्हटलें असतें तर ऐकणारा बाहेर राहिला असता. स्वतः, तुम्ही आणि आपण सर्व, या तिघांना एकच शब्द!

मुलीनें इतक्यांत एक स्पॅनिश वाक्य सांगितलें: ‘नोस आयुदामोस’. याचा अर्थ ‘आम्ही स्वतःला मदत करतों’ असाहि होतो आणि ‘आम्ही एकमेकांस मदत करतों’ असाहि होतो. कोणता घ्यावयाचा, तें प्रसंगावरून ठरतें. परीक्षेंत ती येथेंच अडखळली होती. तळें दुरुस्त करणाऱ्या गांवाकडे पाहिल्यावर मात्र दोन अर्थ निराळे काढून दाखविणें तिलाहि कठीण झालें. दुसरें वाक्य तिनें आपण होऊन केलें: ‘एल पुएब्लो से लेबान्तो’. शेवटच्या ‘तो’वर जोर दिला कीं हा भूतकाळ होतो. ‘पुएब्लो’ म्हणजे गांव, आणि ‘पुएब्लो’ म्हणजेच लोक. गांव उठलें, लोकांनीं स्वतःला उठविलें. तीर्थरूपांनीं तें दोनदां म्हणवून घेतलें.

राळेगणची शाळा परीक्षेंत नापास झालेल्या मुलांना आवर्जून दाखल करून घेते, हें कळल्यावर मुलगी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. नगर जवळ आलें तेव्हां म्हणाली, “काका, स्पॅनिशमध्येंहि ‘मला नापास केलं’ असंच म्हणतात, ‘मे सुस्पेन्दियेरोन’. पण त्यांतला ‘मे’ आत्मगामी नाहीं; तिथं करणारे दुसरे असतात.” थोडें थांबून तिनें पुढें म्हटलें, “आपलं मराठी बरं. मी नापास झालें.”

लग्नाहून परतल्यावर दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीला माजघरांतून पुन्हां ‘मे लाबो, ते लाबास’ सुरू झालें. फेरपरीक्षेस अजून महिना आहे. तीर्थरूप दाराशीं बसून ऐकतात, आणि एखादें रूप चुकलें तरी तें सांगत नाहींत. तिचें तिला सांपडेपर्यंत वाट पाहतात.